शाई, जवारी आणि प्रयोगशाळा

आपल्या शैक्षणिक जीवनात एक भिंत फार लवकर उभी राहते. दहावीचा निकाल लागला की 'सायन्सला जाणार की आर्ट्‌सला?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देताच आपल्या बुद्धीची, आवडीनिवडीची, किंबहुना आपल्या कुतूहलाचीही वाटणी होऊन जाते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने समीकरणाचे नाव काढले तर मित्र हसतात. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने कवितेचे पुस्तक हाती धरले तर घरचे काळजीत पडतात. सी. पी. स्नो या इंग्रज कादंबरीकाराने, जे स्वतः विज्ञानाचेही अभ्यासक होते, १९५९ साली केंब्रिज येथे दिलेल्या एका व्याख्यानात या दरीला 'दोन संस्कृती' असे नाव दिले. तेव्हापासून जगभरच्या परिसंवादांत या दोन संस्कृतींचे मनोमीलन कसे घडवावे यावर चर्चा चालू आहे.

माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आपल्याकडे या भांडणात पक्ष दोन नाहीत, तीन आहेत. कलावंत आणि शास्त्रज्ञ हे दोघे निदान एकमेकांकडे पाठ फिरवून का होईना, एकाच व्यासपीठावर बसलेले असतात. तिसरा पक्ष म्हणजे कारागीर. त्यांना या भांडणाचे बोलावणेच गेलेले नाही. आणि माझी अशी धारणा आहे की, जेथे जेथे खरी नवनिर्मिती झाली तेथे तेथे या तिसऱ्या पक्षाचा हात होता. हे विधान मोघम राहू नये म्हणून आपणा सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेतो. ते म्हणजे तबला.

कोणतीही ताणलेली तार छेडली की तिच्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात. ही प्रमाणे पूर्णांकांत असतात, म्हणून ते उपस्वर मूळ स्वरात विरघळतात आणि कानाला एकच गोड, भरीव स्वर ऐकू येतो. ताणलेल्या कातड्याचे मात्र तसे नाही. सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल कातड्यावर थाप मारली तर मूळ कंपनाच्या साधारण १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी आडनिडी कंपने निर्माण होतात. ती एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून साध्या ढोलाचा आवाज दणदणीत असतो, पण त्याला निश्चित स्वर नसतो. हा निसर्गाचा नियम आहे आणि तो मोडता येत नाही.

मग तबला स्वरात कसा लागतो? 'काळी चार'चा तबला गायकाच्या षड्जाला जुळतो कसा? याचे उत्तर त्या पुडीच्या मध्यभागी असलेल्या काळ्या वर्तुळात, म्हणजे शाईत आहे. लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि शिजवलेल्या पिठाची किंवा भाताची खळ यांचा तो लेप असतो. तबला मढवणारे कारागीर तो एकदम थापत नाहीत. एक पातळ थर द्यायचा, तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग दुसरा थर थोडा लहान, मग तिसरा त्याहून लहान. कडेला शाई पातळ आणि मध्ये जाड अशी ती चढत जाते. घोटता घोटता तिच्यात केसाहून बारीक भेगांचे जाळे पडते. नवख्याला वाटेल, हा दोष आहे. वस्तुतः त्या भेगा नसतील तर शाई एखाद्या ताठ चकतीसारखी वागेल आणि कातड्याबरोबर लवणार नाही. भेगांमुळेच ती वजन देते आणि लवचिकही राहते. प्रत्येक थरानंतर कारागीर बोटाने टिचकी मारून ऐकतात आणि पुढचा थर किती द्यायचा ते ठरवतात. निसर्गाचा नियम मोडता येत नाही हे खरे, पण कातड्याचे वजन कोठे आणि किती वाढवायचे हे माणसाच्या हाती आहे. त्या एका युक्तीने बेसूर कातडे सुरात आले.

ही युक्ती किती सूक्ष्म आहे हे आधुनिक विज्ञानाला कळले ते सी. व्ही. रामन यांच्यामुळे. आपण दर वर्षी २८ फेब्रुवारीस विज्ञान दिन साजरा करतो तो प्रकाशाविषयीच्या त्यांच्या १९२८ सालच्या शोधाप्रीत्यर्थ. त्याच शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याआधी कलकत्त्यात काम करीत असताना रामन यांचे मन नादात गुंतले होते. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या विख्यात नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला आणि भारतीय चर्मवाद्ये तारेप्रमाणे सुसंवादी उपस्वर देतात हे दाखवून दिले. पुढे १९३४ साली त्यांनी हा विषय अधिक विस्ताराने मांडला. वाजत्या कातड्यावर बारीक वाळू पसरली की जो भाग कंप पावत नाही तेथे ती गोळा होते आणि कंपनाची आकृतीच डोळ्यांना दिसते. अशा आकृत्यांच्या साह्याने त्यांनी सिद्ध केले की, कातड्याची पहिली नऊ निरनिराळी कंपने शाईमुळे अशी सरकतात की त्यांचे पाचच गट पडतात, आणि त्या गटांची प्रमाणे १, २, ३, ४, ५ अशी पूर्णांकी होतात. १९५४ साली रामकृष्ण आणि सोंधी या दोन अभ्यासकांनी, मधोमध जड आणि भोवती हलके असे कातडे कल्पून त्याचे गणितही मांडले. जड भागाची त्रिज्या एकूण त्रिज्येच्या सुमारे ०.४ पट धरली की उपस्वर जवळजवळ सुरात येतात असे त्यातून निघाले.

येथे एक मोह आवरला पाहिजे. हे सारे वाचून 'पाहा, आमच्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते!' अशी आरोळी ठोकणारे पुष्कळ भेटतात. मला ही आरोळी पटत नाही. ज्या अनाम माणसाने पहिल्यांदा कातड्यावर कणीक किंवा शाई लावली त्याला कंपनाचे समीकरण ठाऊक नव्हते, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. ते त्याला ठाऊक होते असे म्हणणे म्हणजे समीकरण मांडणाऱ्यांच्या श्रमाचा अपमान आहे, आणि त्या कारागिराचाही. कारण त्या म्हणण्यात असे गृहीत धरलेले असते की समीकरण हेच एक ज्ञान, आणि कारागिराला प्रतिष्ठा द्यायची तर ते त्याच्या माथी मारल्यावाचून गत्यंतर नाही. कारागिराकडे होते ते निराळे ज्ञान होते. ते बोटांत आणि कानांत होते. 'असे का होते' याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, पण 'असे कसे करावे' याचे उत्तर होते, आणि ते त्याने शेकडो पुड्या बिघडवून मिळवले होते. रामन यांचा मोठेपणा मला यात दिसतो की, त्यांनी या दुसऱ्या उत्तराला प्रश्न म्हणून मान दिला. युरोपात शिकवल्या जाणाऱ्या ढोलाच्या सिद्धान्तावर ते थांबले असते तर 'चर्मवाद्ये बेसूरच असतात' असे म्हणून मोकळे झाले असते. त्यांनी तबल्यावर, मृदंगावर कान ठेवला, म्हणून विज्ञानाला एक नवा प्रश्न मिळाला. प्रेरणा जन्मते ती अशा ठिकाणी.

दुसरे उदाहरण घराजवळचे आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणाऱ्या, शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्याकडे या धंद्याचे मूळ सांगितले जाते. संस्थानी लढाया थांबल्या, शस्त्रांची मागणी सरली, आणि पोलादाला धार देणारे हात तानपुऱ्याकडे वळले. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे मोठे कडू भोपळे, तुणाचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कान एवढ्या भांडवलावर या गावाने देशभरच्या गवयांना वाद्ये पुरवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तानपुऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी किंचित, डोळ्याला सहज न दिसणारा गोलवा असतो. तो कानसेने घासून आणणे याला जवारी काढणे म्हणतात. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा दोरा सरकवतात. तो कणभर पुढेमागे केला की झोपलेला तानपुरा एकाएकी बोलू लागतो. रामन यांनी १९२१ साली यावरही लिहिले आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर राहतात ते उमटू नयेत, असा नियम पुस्तकांत होता. तानपुऱ्यात मात्र ते खुशाल ऐकू येत होते. याचे कारण ती गोलवा असलेली घोडी. कंप पावणारी तार तिच्या माथ्याला वरचेवर स्पर्श करते आणि सुटते, आणि त्या स्पर्शातून वरचे उपस्वर पुनःपुन्हा जागे होतात. म्हणजे पुस्तकातील नियम खोटा नव्हता. पण ज्या टोकदार आधारावरील तारेसाठी तो मांडला होता ती ही तार नव्हे, एवढे मिरजेच्या कानशीने शास्त्राला सांगितले.

विज्ञान आणि कला एकत्र आली की सारे सुरळीत होते असेही नाही. याच सांगली-मिरज भागातील आणखी एक प्रकरण त्या दृष्टीने बोलके आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वरांचा अभ्यास करून बावीस श्रुतींची गणिती प्रमाणे ठरवली आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने ते काम पुढे नेले आणि श्रुतींची पेटी तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत या विषयावर बराच वाद झाला. ती पेटी काही बैठकींत रुजली नाही. देवलांच्या परिश्रमाविषयी मला आदरच वाटतो. एका सरकारी नोकराने उतारवयात स्वरांचे मोजमाप करावे आणि एका थोर गायकाने त्यासाठी आपला गळा द्यावा, ही घटनाच मोठी आहे. पण पेटीच्या पट्टीत एकदा बसवलेली श्रुती जागची हलत नाही, आणि रागातला कोमल ऋषभ तर प्रत्येक वेळी थोडा हलतो, झुलतो, मींडेतून येतो. मोजमापाने जे पकडले ते खरे होते, पण ते सगळे नव्हते. रामन यांनी कारागिराच्या हाताला प्रश्न विचारला, तर श्रुतींच्या पेटीने गायकाच्या गळ्याला उत्तर बजावले. या दोन वृत्तींत जो फरक आहे, तोच माझ्या मते चांगल्या आणि फसलेल्या मीलनातला फरक आहे.

आता तंत्रज्ञानाकडे वळू. १९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंता जी. राज नारायण यांनी, जे स्वतः बासरीवादक आहेत, विजेवर चालणारा तानपुरा तयार केला. आज तर मोबाईलमध्येच तानपुरा आहे. बोट लावले की हवी ती पट्टी झंकारू लागते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातसुद्धा गाणाऱ्या मुलीच्या पुढ्यात तो मोबाईलच ठेवलेला असतो. यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. चार फूट उंचीचे नाजूक वाद्य विकत घेणे, एस. टी.तून नेणे आणि वसतिगृहाच्या खोलीत सांभाळणे कोणाला परवडते? ज्या मुलीला एरवी तानपुरा मिळालाच नसता तिला या यंत्राने सुराची सोबत दिली आहे. हे यंत्र कोणा बहिऱ्या कारखानदाराने नव्हे, तर कान असलेल्या अभियंत्याने केले हेही विसरता कामा नये.

तथापि एक गोष्ट या सोयीत हरवते. तानपुरा लावणे हाच गाण्याचा पहिला धडा असतो. खुंटी पिळा, मणी सरकवा, दोरा हलवा आणि ऐका. पुन्हा हलवा आणि पुन्हा ऐका. यंत्र हा धडा आपल्याऐवजी गिरवून टाकते. आणि दुसरे म्हणजे, यंत्रात जो नाद भरला आहे तो कोणाच्या तरी हाताने काढलेल्या जवारीचाच आहे. उद्या जवारी काढणारे हात उरले नाहीत तर यंत्राने नक्कल करायची कशाची? वाद्ये घडवणाऱ्या घरांतील मुले आज दुसरी नोकरी शोधतात, आणि त्यात त्यांचा काय दोष? ज्या कामात दिवस दिवस बसून डोळे शिणतात, लाकडाचा भुसा छातीत जातो, ग्राहक घासाघीस करतो आणि समाज 'शिकला नाही म्हणून हे करतो' असे म्हणतो, ते काम मुलाने पुढे न्यावे अशी अपेक्षा आपण सभागृहाच्या खुर्चीत बसून करू नये.

येथे मूळ दुखण्यापाशी आपण येतो. हे दुखणे दोन शाखांमधील भिंतीचे नाही. ते वरच्या आणि खालच्या मजल्याचे आहे. आपल्या समाजाने हात आणि डोके यांची वाटणी केली ती जातीनिशी केली. कातड्याच्या कामाला तर विटाळ चिकटवला. ज्या मृदंगावर देवाचे भजन चालले त्या मृदंगाचे कातडे कमावणाऱ्याला देवळाबाहेर उभे केले. दक्षिणेतील गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्यांवर २०२० साली एक संपूर्ण पुस्तक लिहून हा विषय ऐरणीवर आणला. आपल्या भाषेतच पाहा. वादकाला आपण 'ते आले' म्हणतो आणि तबला मढवणाऱ्याला 'तो आला' म्हणतो. मैफलीच्या जाहिरातीत गायकाचे, साथीदारांचे, ध्वनिव्यवस्था करणाऱ्याचेही नाव छापतात. वाद्य कोणी घडवले ते नाव आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? रामन यांच्या लेखावर शिवकाली कुमार यांचे नाव आहे, हे योग्यच झाले. पण शाईची युक्ती ज्याने शोधली त्याचे नाव कोठेच नाही. ते आता सापडणारही नाही. निदान आज जे काम करीत आहेत त्यांची नावे तरी आपण विचारू शकतो.

केवळ हळहळ व्यक्त करून थांबणे मला उचित वाटत नाही. म्हणून काही सूचना करतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लोकविद्येचा उल्लेख आहे. २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना महाविद्यालयात निवासी मार्गदर्शक म्हणून बोलावण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे कागद तयार आहे. इच्छाशक्ती हवी आहे. आपल्या गावात तबला मढवणारे, मूर्ती घडवणारे, विणकर, सुतार आहेत. त्यांपैकी एकाला सत्रातून महिनाभर बोलावावे, आणि पाहुणे म्हणून शाल-नारळ देऊन वाटेला न लावता, शिक्षक म्हणून, मानधन देऊन, वेळापत्रकात तासिका देऊन बोलावावे. त्यांच्या तासाला भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकाच बाकावर बसावे. पहिल्यांनी कंपने मोजावीत; दुसऱ्यांनी त्या धंद्यातले शब्द टिपून घ्यावेत. शाई, चाट, लव, वादी, गट्टा, गजरा हे तबल्याच्या एका अंगाचेच शब्द. प्रत्येक धंद्याचा असा शब्दसंग्रह आहे, आणि माणसांबरोबर तो जाईल. मराठीच्या अभ्यासकांना याहून तातडीचे काम कोणते?

यावर दोन आक्षेप येतील याची मला जाणीव आहे. पहिला, 'परीक्षेत याचे गुण किती?' याला उत्तर असे की गुण जरूर ठेवा. पण उत्तरपत्रिकेऐवजी एक पुडी, एक नोंदवही आणि केलेल्या कामाचे तोंडी स्पष्टीकरण तपासा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'ज्या जातींना आपण शतकानुशतके हातकामात डांबले त्यांनाच पुन्हा हातकामाचे गोडवे ऐकवायचे काय?' हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझी सूचना उलट दिशेची आहे. कारागिराच्या मुलाने प्रयोगशाळेत जावे, अभियंता व्हावे, हवे तर बापाचा धंदा सोडावा. तो त्याचा हक्क आहे. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी कानस हाती धरली नाही त्यांनी ती आता धरावी. हात काळे करण्याची पाळी आता आमची आहे.

आपल्या महाविद्यालयांत २७ फेब्रुवारीस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन होतो आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन होतो. दोन दिवस लागोपाठ असूनही सूचना दोन फलकांवर लागतात, पाहुणे दोन येतात आणि श्रोतेही दोन प्रकारचे असतात. पुढील वर्षी हे दोन्ही दिवस मिळून एकच कार्यक्रम करावा, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी तबला मढवणाऱ्या कारागिरांना बसवावे, अशी विनंती मी प्राचार्यांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना या लेखाद्वारे करीत आहे. निमंत्रणपत्रिकेत त्यांचे नाव पूर्ण छापावे. भाषण त्यांना जमेल न जमेल. त्यांनी फक्त एक पुडी घेऊन यावे, आमच्यासमोर शाईचा एक थर द्यावा आणि टिचकी मारावी. ऐकायचे काम आपले आहे.